गुराडियाच्या चर्चमधला पितळी क्रूस

१

गुराडियाच्या चर्चमधला पितळी क्रूस नाहीसा झाला, तेव्हा माझी आत्या समोरच्याच बाकावर घोरत होती. ही गोष्ट तिला अजून पचलेली नाही. सुलूआत्याने उज्जैनच्या एका बँकेत सगळी नोकरी लॉकर सांभाळण्यात काढली. आपल्या देखत कुणाची टाचणीसुद्धा इकडची तिकडे झाली नाही, असं ती येईल त्या पाहुण्याला ऐकवायची. त्या रविवारपासून तिने हे ऐकवणं जरा कमी केलं आहे.

मी शैलेंद्र, तिचा भाचा, आणि माधवनगरातल्या आमच्या मराठी मंडळाचा सचिव. सचिव म्हणजे गाडी ठरवायची, पोहे-जलेबी सांगायची आणि परत आल्यावर बोलणी खायची. दर फेब्रुवारीत आम्ही एखादी जुनी वास्तू बघायला जातो. देवळं आणि घाट सगळ्यांचे पाठ झालेले, म्हणून यंदा मी चर्च सुचवलं. आगर रस्त्यावरून आत वळलं की गुराडिया लागतं. तिथे कधीकाळी इंग्रजांची छावणी होती. छावणी उठली, बंगले पडले, पण शिपायांसाठी बांधलेलं दगडी चर्च गव्हाच्या शेतांमध्ये ठणठणीत उभं आहे. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, पण रविवारी ती न चुकता जमतात.

आम्ही पोचलो तेव्हा पादरीसाहेब मसीह स्वतः फाटकात उभे होते. उंच, किडकिडीत, अंगात पांढरा झगा आणि पायात पळायचे बूट. कडुलिंबाखाली त्यांच्या बायकोने चहा आणि कचोऱ्या मांडल्या होत्या. मराठी ऐकून त्या खूश झाल्या. आमची सूनही तुमच्यातलीच, पुरणपोळी फार छान करते, असं म्हणाल्या. आमच्या बायकांनी लगेच आडनाव विचारलं, तेव्हा मात्र त्यांनी विषय बदलला. सुनेच्या माहेरचं कुणी येत-जात नाही, एवढंच बोलल्या.

मग पादरीसाहेबांनी सगळ्यांची माफी मागितली. आज त्यांचं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. सुनेला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या. पहाटे अँब्युलन्स तिला उज्जैनला घेऊन गेली, नवीन नावाचा त्यांचा मुलगा तिच्याबरोबर होता. बाळ पोटात आडवं आहे, दोन्ही जीव सांभाळायचे आहेत, असं डॉक्टर म्हणाले होते. दुपारची प्रार्थना सुनेसाठीच होती. ती आटोपली की नवराबायको आमच्याच गाडीतून दवाखान्यात येणार होते. हे ऐकून आमच्यातल्या सगळ्यांच्याच हातातल्या कचोऱ्या थांबल्या. यंदा पहिल्यांदाच आमच्याबरोबर आलेल्या जयूताईंनी तर बशी तशीच खाली ठेवून दिली.

चर्च मात्र बघण्यासारखं होतं. सागवानी छत, जाड भिंती, आत शिरताच अंगाला लागणारा गारवा. बाकांच्या पाठीला खाचा होत्या. सत्तावन्नच्या बंडानंतर गोरे शिपाई प्रार्थनेलाही बंदुका घेऊन बसत, त्या टेकवायला ही सोय. आता त्या खाचांत गावातले म्हातारे काठ्या अडकवतात. दाराजवळ बाप्तिस्म्याचं कुंड होतं, कमरेइतक्या उंचीचं दगडी घंगाळच म्हणा, वर लाकडी झाकण. इथल्या ख्रिस्ती घरांत बरीच वर्षं मूल जन्मलं नव्हतं, त्यामुळे ते कोरडंच असतं, असं पादरीसाहेब म्हणाले. आणि वेदीवर होता तो क्रूस. वीतभर उंच, पितळी, पलटणीच्या लोहाराने काडतुसांची टरफलं वितळवून केलेला. नवीन पोटात असताना मिसेस मसीह रोज ह्याच क्रूसासमोर बसत, अशी त्याची घरगुती कथाही आम्ही ऐकली.

नंतर सगळे घंटा बघायला मनोऱ्यावर चढले. खाली उतरून चहाचा दुसरा कप हातात घेतला, तेवढ्यात मेणबत्त्या लावायला आत गेलेल्या मिसेस मसीह धावत दारात आल्या.

"सुनो जी," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "क्रूस नहीं है."

२

वेदीवर मेणबत्त्यांचे चांदीचे दोन स्टँड जागच्या जागी होते. मधली जागा रिकामी होती. क्रूस पितळेचा, त्याची किंमत ती काय, पण बरोबर आजच जावा? सून तिकडे टेबलावर आणि इकडे हे. त्यांना तो सरळसरळ अपशकुन वाटला. ठाण्यात फोन करा, असं त्या म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांनी आमच्या घोळक्याकडे पाहिलं. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आम्ही येईपर्यंत क्रूस होता, आम्ही आलो आणि गेला.

मंडळाचं नाव आता पेपरात येणार, या विचाराने मला घाम फुटला. एवढ्या गलक्याने शेवटी आत्या जागी झाली. चष्मा शोधला, पदर सावरला, काय झालं ते ऐकून घेतलं आणि एकदम ताठ बसली.

"मी इथे बसलेली असताना?" ती मला म्हणाली. "शैलू, ही तर माझ्या नाकावरची चोरी झाली रे."

तिने पादरीसाहेबांकडे प्रार्थनेपर्यंतची मुदत मागितली. पादरीसाहेब सज्जन माणूस. सुनेची काळजी असताना घरात पोलीस कशाला, असं म्हणून त्यांनी ती दिली. पोलीस टळले, पण मिसेस मसीहांनी देवाशी बोलायचं ते तोंडातल्या तोंडात चालूच ठेवलं. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांचा मोबाईल ठेवलेला होता, कारण अख्ख्या चर्चमध्ये रेंज तेवढी तिथेच येते. दर थोड्या वेळाने त्या तिकडे बघत होत्या.

आत्या सगळ्यात आधी वेदीपाशी गेली. तिने कशाला हात लावला नाही, नुसती वाकून बघत राहिली. पांढऱ्या कापडावर, क्रूस होता त्या जागी, तांदळाचे काही दाणे पडले होते. मिसेस मसीह ओशाळल्या. उंदीर फार झालेत, म्हणाल्या. आत्याने तुमचं स्वयंपाकघर कुठे आहे असं विचारलं. ते मैदानापलीकडे, त्यांच्या घरात होतं. आत्या बरं म्हणाली आणि दाराकडे वळली.

दारात डॅनियल होता. चर्चची राखण तोच करतो. चपला घालून आत आलात तरी चालेल, असं पादरीसाहेबांनी आम्हाला दोनदा सांगितलं होतं, पण आमच्या मंडळींनी त्या काढल्याच. गावातली कुत्री चपला पळवतात म्हणून डॅनियल त्या ढिगापाशी स्टूल टाकून बसला होता. उघडं दार तेवढं एकच. त्यामुळे कोण आत आणि कोण बाहेर, हे त्याला तोंडपाठ होतं. सगळे मनोऱ्यावर असताना आत तिघं उरली होती. एक तर आत्या, पण तिचा हिशेब तिच्या घोरण्यानेच दिला. दुसरे आमच्या मंडळातले यज्ञेश्वर चिटणीस, गुडघे दुखतात म्हणून वर न चढलेले. तिसऱ्या जयूताई, त्यांना उंचीची भीती. शिवाय मंडळातली सगळ्यात तरुण मुलगी अश्विनी मनोऱ्यावरून सगळ्यांच्या आधी उतरून आत आली होती, रील करायला.

चिटणीसांचं नाव ऐकून माझी खात्रीच पटली. त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नाही इतक्या जुन्या वस्तू आहेत. अडकित्ते, कुलपं, दिवे, पितळ म्हटलं की त्यांचा जीव खालीवर होतो. सकाळपासून त्यांनी खांद्यावरची झोळी क्षणभरही खाली ठेवली नव्हती, आणि चर्चमधून बाहेर आल्यावर तर ती छातीशी धरून बसले होते. मी हळूच विचारलं, साहेब, झोळीत काय आहे?

चिटणीस झोळी आणखी आवळून म्हणाले, "ते मी दाखवू शकत नाही."

३

शेवटी आत्याने त्यांना एकट्याला बाकावर बसवलं आणि मला पहाऱ्याला उभं केलं. चिटणीसांनी आधी आमच्या दोघांकडून शपथ घेतली की घरी, म्हणजे मीनावहिनींना, कळणार नाही. मग झोळी उघडली. आत एक तुटकं कौल होतं, जे त्यांनी कुंपणापासून उचललं होतं, आणि त्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सकाळी उज्जैनच्या देवास गेट बसस्टँडवर घेतलेली जलेबी. चिटणीसांची साखर भलतीच वाढलेली. आम्ही सगळे मनोऱ्यावर असताना ते पलीकडच्या भिंतीलगतच्या बाकाआड उकिडवे बसून जलेबी खात होते. क्रूस त्यांनी पाहिलाही नव्हता. तोंड भरलेलं असताना त्यांना काही दिसत नाही, हे मला मंडळाच्या सगळ्या जेवणांवरून माहीत आहे.

"आवाज काही ऐकला का?" आत्याने विचारलं.

जयूताई दाराजवळ काहीतरी खुडबुड करत होत्या, पाणी पीत असतील, असं ते म्हणाले. मग एक जलेबी आत्यापुढे केली. आत्याने ती घेतली.

अश्विनीचं काम सोपं होतं. तिच्या मोबाईलमध्ये सगळा पुरावा होता, फक्त तिला तो ठाऊक नव्हता. मनोऱ्यावर जायच्या आधीच्या रीलमध्ये तिच्यामागे वेदी होती आणि वेदीवर क्रूस होता. परत आल्यावरच्या रीलमध्ये वेदी होती आणि क्रूस नव्हता. हे तुझ्या लक्षात कसं आलं नाही असं मी विचारलं, तर ती म्हणाली की आपण स्वतःचे केस बघत होतो. दुसऱ्या रीलच्या शेवटी मोबाईल दाराकडे वळला होता, तिथे कुंडाशेजारी आमच्या गाडीतला पाण्याचा कॅन जमिनीवर ठेवलेला दिसत होता. मी तो जाऊन उचलला तर रिकामा. सकाळी देवास गेटला मी स्वतः काठोकाठ भरून घेतला होता. लोक उंटासारखे पाणी पितात आणि मग वाटेत सचिवाच्या नावाने ओरडतात, असं मी बरंच काही बोललो. आत्या कधी नव्हे ती शांतपणे ऐकत राहिली.

राहिल्या जयूताई. त्या आमच्या मंडळाच्या नव्हत्या. देवासला राहतात, नवरा नाही, शाळेत शिकवत होत्या. सहलीची सूचना व्हॉट्सॲपवर वाचून त्यांनी महिनाभर आधी नाव दिलं होतं. सकाळी देवास गेटला बसमधून उतरल्या, आमच्याबरोबर पोहे खाल्ले, आणि गाडीत आत्याशेजारी बसल्या. खांद्याला कापडी पिशवी, ती त्यांनी मांडीवर सांभाळून धरली होती. बोलल्या फारसं नाहीत. पादरींचं घर चर्चच्या आवारातच असतं का, एवढंच एकदा विचारलं.

आता त्या कडुलिंबाच्या पारावर एकट्याच बसल्या होत्या. डॅनियलची बायको सगळ्यांना जेवायला वाढत होती, छोले, पुरी, गाजराचं लोणचं. जयूताईंनी पानावर हात आडवा धरला. आज उपास आहे, म्हणाल्या. आत्याने तिथेच उभं राहून त्यांना नीट पाहून घेतलं. चोरीबद्दल एक शब्द विचारला नाही. पिशवीतून नारळाची शेंडी आणि खणाचा काठ बाहेर डोकावत होता, तेवढं बघून ती परत फिरली.

मला ते काही समजलं नाही. मी तिच्यामागे धावलो. पिशवी बघायला नको का, असं विचारलं.

"पिशवीत काय आहे ते दिसलं मला," आत्या म्हणाली. "आणि क्रूस तिच्यात नाही. शैलू, तो क्रूस चर्चच्या बाहेर गेलाच नाही."

४

चर्चमध्ये पुन्हा कुणी नव्हतं. आत्या आपल्या बाकावर जाऊन बसली आणि मला शेजारी बसवलं. प्रार्थनेला थोडाच वेळ उरला होता, आणि मोबाईल अजून वाजला नव्हता.

"मी इतकी वर्षं लोकांना लॉकर उघडताना बघितलं आहे," ती म्हणाली. "कोणाला काय हवं आहे ते त्याच्या हातावरून दिसून येतं. ज्याला विकायचं असतं, तो चांदीचे स्टँड सोडून पितळेला हात लावणार नाही. मग हा क्रूस ज्याने उचलला, त्याला विकायचा नव्हता. त्याला क्रूसच पाहिजे होता."

मी म्हटलं, कशाला?

तिने तांदळांकडे बोट दाखवलं. उंदीर स्वयंपाकघर सोडून, मैदान ओलांडून, वेदीवर चढून तांदूळ सांडायला येतील का? ते तांदूळ कुणीतरी ठेवले होते. आपल्याकडे देव जागेवरून हलवला, उजळायला का होईना, तरी ती जागा मोकळी सोडत नाहीत. चार अक्षता ठेवतात, की देव परत येणार आहे. हे चोराचं काम नाही आणि कुण्या ख्रिस्ती माणसाचंही नाही. घरात देव्हारा असलेल्या बाईचा हा हात आहे.

मग ती जरा ओशाळून हसली. झोपेत मला सपना पडला, म्हणाली. मी लहान आहे, दिवाळीची पहाट आहे आणि आई घंगाळात पाणी ओतते आहे. इतका खरा आवाज की अंगाला तेलाचा वास आला. आता तू त्या रिकाम्या कॅनवरून ओरडलास तेव्हा मला उमगलं की तो सपना नव्हता. पाणी खरंच ओतलं जात होतं.

"आणि उपास," ती म्हणाली. "देवास गेटला माझ्यासमोर दोनदा पोहे घेतले त्यांनी. उपास सकाळी नव्हता. तो इथे आल्यावर लागला."

मी अजून डोकं खाजवत होतो. लॉकरची किल्ली घरी विसरून बँकेत आलेल्या माणसाकडे बघत असावी, तशा नजरेने आत्याने माझ्याकडे पाहिलं. "माझी आजी, माझी आई, तू दहावीला असताना मी स्वतः, आम्ही काय करून बसलो होतो ते आठव," ती म्हणाली.

ते मला आठवलं. निकाल लागेपर्यंत आत्याने घरातले सगळे देव तांब्याच्या पातेल्यात बुडवून ठेवले होते. आम्ही दोघंही बाकावरून एकदमच उठलो. दाराजवळच्या कुंडाचं लाकडी झाकण मी दोन्ही हातांनी उचललं. आत स्वच्छ पाणी होतं, आणि तळाशी, आडवा, पितळी क्रूस चकाकत होता.

५

मी हात घालायला गेलो तर आत्याने मनगटावर चापट मारली. तो काढायचा हक्क तुला नाही, म्हणाली. तिने मला बाकीच्या मंडळींना जेवणात गुंतवून ठेवायला आणि डॅनियल, मसीह पतीपत्नी आणि जयूताई यांना आत आणायला पाठवलं.

डॅनियलने लगेच सांगितलं. आत लोकांना तहान लागली आहे, एवढा कॅन आत ठेवून दे, असं बहनजी म्हणाल्या होत्या, असं म्हणत त्याने जयूताईंकडे बोट केलं, तो त्याने ठेवला. मिसेस मसीहांनी पाण्यात पाहिलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"हमारे प्रभु को पानी में डुबो दिया?" त्या म्हणाल्या. "हमने आपका क्या बिगाड़ा था?"

जयूताई खांबाला टेकून उभ्या होत्या. आत्या पुढे झाली. आत्याचं हिंदी माळव्याचंच, आणि एरवी ती ते भांडायला वापरते, पण त्या दिवशी तिने फार जपून शब्द काढले.

"दीदी, ये बेअदबी नहीं है. हमारे में जब कोई बात अपने बस की नहीं रहती, तब औरत घर के भगवान को पानी में रखकर बैठ जाती है. खाती नहीं है. भगवान से बोलती है कि मेरा काम होगा तभी तुमको बाहर निकालूँगी. ये झगड़ा है. पर ऐसा झगड़ा आदमी अपनेवालों से ही करता है."

मिसेस मसीहांनी पुन्हा एकदा पाण्यात पाहिलं. मग हळूच म्हणाल्या की त्याही सकाळपासून त्याच्याशी भांडतच आहेत, फक्त तोंडाने. पण ह्या बाईंचं असं कोणतं काम अडलं होतं?

आत्याने ते जयूताईंवर सोडलं. जयूताईंनी पिशवी नुसती पोटाशी धरली, तेव्हा तीच पुढे सांगायला लागली. खण, नारळ आणि तांदूळ घेऊन कुणी चर्च बघायला येत नाही. ही ओटी आहे, आणि ती पोटुशी असलेल्या मुलीसाठी आणलेली आहे. पादरीसाहेबांनी सुनेचं सांगितलं, तेव्हा वाईट सगळ्यांनाच वाटलं, पण घास एकीच्याच घशाखाली उतरेनासा झाला. आणि सुनेच्या माहेरचं कुणी येत नाही, असं आज सकाळीच आपण ऐकलं.

"मी ऋचाची आई," जयूताई म्हणाल्या.

ती गोष्ट त्यांनी आम्हाला मराठीत सांगितली, आणि मसीह नवराबायकोला ती कळली, कारण सुनेमुळे त्यांना मराठी कळू लागलं होतं. ऋचा आणि नवीन इंदूरला एकाच शाळेत शिकवायचे. लग्न करते म्हणाली तेव्हा जयूताईंनी तिला दार दाखवलं आणि पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणाल्या. कोर्टात लग्न झालं, त्या गेल्या नाहीत. मुलीने फोन केले, त्यांनी उचलले नाहीत. मग कुठूनतरी कळलं की तिला दिवस गेलेत. सातवा महिना गेला, कुणी ओटी भरली नाही. तेवढ्यात ही सहल दिसली. चार माणसांत मिसळून मुलीचं घर बघावं, ती दिसलीच तर पिशवी तिच्या हातात द्यावी आणि परत जावं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. इथे येऊन हे कळलं.

"दवाखान्यात मी कुठल्या तोंडाने जाणार होते?" त्या म्हणाल्या. "मीच तिला तोंड दाखवू नकोस म्हणाले होते. माझे देव देवासला, देव्हाऱ्यात. इथे हेच होते. म्हटलं, तिच्या घरचे देव आहेत, ते तिचं ऐकतील. माझं नाही तरी तिचं ऐकतील."

मग त्यांनी हात जोडले. प्रार्थनेला क्रूस हवा असेल तर काढून घ्या, मी पोलिसांकडेही येते, असं म्हणाल्या. पण त्यांचे डोळे पाण्याकडे होते. आत्तापर्यंत काढलेला नाही तो आता अर्ध्यावर काढला तर, ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होती. खरं सांगतो, मलाही ती वाटली.

बाहेर डॅनियलच्या मुलीने प्रार्थनेची घंटा वाजवायला सुरुवात केली. गावातली माणसं फाटकातून आत येऊ लागली. वेदी रिकामी होती. सगळ्यांनी पादरीसाहेबांकडे पाहिलं.

६

पादरीसाहेबांनी झग्याच्या बाहीने डोळे पुसले आणि डॅनियलला बाकांची तोंडं फिरवायला सांगितलं. आज प्रार्थना इथेच होईल, म्हणाले, कुंडापाशी. बाक ओढल्याचा असा आवाज झाला की जेवत असलेले आमचे लोकही हात धुऊन आत आले. कुणाला काही विचारायची गरज पडली नाही. बायकांनी कुंडात डोकावून बघितलं आणि एकमेकींना खूण केली. त्यातल्या निम्म्या कधी ना कधी असे देव बुडवून बसलेल्या होत्या.

प्रार्थना हिंदीत झाली. गावातल्या मंडळींनी गाणं म्हटलं, चाल सोपी होती, दुसऱ्या कडव्याला चिटणीसही गाऊ लागले. जयूताई कुंडाच्या एका बाजूला उभ्या, मिसेस मसीह दुसऱ्या. मधे पाणी. पादरीसाहेबांनी सुनेचं नाव घेतलं तेव्हा दोघींचे डोळे एकदमच मिटले.

त्यानंतर कुणी उठेना. पादरीसाहेबांनी आमेन म्हटलं तरी सगळे बसून राहिले. आमची मराठी माणसं एवढा वेळ गप्प बसलेली मी कधीच पाहिलेली नाहीत. आत्या माझा हात धरून बसली होती आणि फार जोरात दाबत होती.

खिडकीतला मोबाईल वाजला. मिसेस मसीहांनी धावत जाऊन तो उचलला आणि घाबरून नवऱ्याच्या हातात दिला. पादरीसाहेबांनी स्पीकर लावला. पलीकडून नवीनचा आवाज आला, तो रडत होता की हसत होता ते आधी कळेना.

"पापा, बेटी हुई है. ऑपरेशन करना पड़ा. दोनों ठीक हैं."

चर्चमध्ये जो गलका झाला तो तिथल्या गोऱ्या शिपायांनीही कधी केला नसेल. अश्विनी मोबाईल विसरून टाळ्या वाजवत होती. डॅनियल दोरी ओढून ओढून घंटा बडवत होता. आत्या रडत होती आणि मी रडत नाहीये असं मला सांगत होती. जयूताई मात्र जागच्या हलल्या नाहीत. दोन्ही हातांनी कुंडाची कड धरून उभ्या राहिल्या.

मिसेस मसीहांनी नवऱ्याच्या हातातून मोबाईल घेतला आणि मुलाला म्हणाल्या, फोन ऋचाच्या कानाला लाव. मग त्या सुनेशी बोलल्या.

"बेटा, यहाँ कोई है. सुबह से तेरे लिए भूखी बैठी है. तेरी माँ."

मग त्यांनी मोबाईल जयूताईंच्या तोंडाजवळ धरला.

"आई?" मोबाईलमधून थकलेला आवाज आला. "देव पाण्यात घातलेस ना?"

"तुझे घातले," जयूताई कशाबशा म्हणाल्या.

"मग काढ त्यांना बाहेर," ऋचा म्हणाली. "आणि आधी काहीतरी खाऊन घे. मग लगेच ये. हिला कसं धरायचं ते मला येत नाहीये."

जयूताईंनी पदर खोचला आणि पाण्यात हात घातले. क्रूस बोटांत आला, पण ओलं पितळ सारखं निसटत होतं. मिसेस मसीहांनी मोबाईल माझ्याकडे दिला, बाह्या वर केल्या आणि समोरून आपलेही हात पाण्यात घातले.

दोघींनी मिळून तो वर काढला.